उंदराच्या आतड्यातली गाठ बघताना

१. उंदीर ताडून बघायचा तो स्वतःशीच: तोच जिवंत उंदीर पुन्हा पुन्हा स्कॅन करून. जुन्या पद्धतीत ठरावीक आठवड्यांनी काही उंदीर मारून, आतडी उघडून गाठी मोजत. त्यातून गटाची सरासरी कळते. एखादी गाठ वाढली, थांबली की जिरली, ते कळत नाही. मला ते जाणून घ्यायचं असतं, कारण औषधाची खरी परीक्षा तिथेच होते.

२. स्कॅनच्या यंत्राच्या आधी उंदीर निवडा. विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये जगापुढे आणलेल्या ‘मिन’ उंदराला गाठी येतात खऱ्या, पण बहुतेक लहान आतड्यात. मोठ्या आतड्यासाठी आम्ही अॅझॉक्सीमिथेन या कर्करोगकारक रसायनाचं इंजेक्शन देतो आणि पाण्यातून आतड्याला सूज आणणारं डीएसएस पाजतो. या गाठी गुदद्वाराकडच्या भागात येतात, म्हणून बारीक एंडोस्कोपही पुरतो. मात्र त्याला आतला पृष्ठभागच दिसतो. गाठ भिंतीत किती खोल गेली, हे बघायला एमआरआयकडे वळावं लागतं.

३. निम्मं काम स्कॅनच्या आधीचं. आतड्यात राहिलेली लेंडी सीटीवर गाठीसारखी दिसते, तेव्हा कोमट सलाइनचा एनिमा हवाच. आतड्याच्या हालचालीने एमआरआय धूसर होतो. आणि ऊब! पंचवीसेक ग्रॅमचा जीव आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली झपाट्याने गारठतो. थंडी लागलेल्या उंदराच्या पेट स्कॅनमध्ये गाठ दिसावी म्हणून टोचलेली किरणोत्सारी साखर मानेजवळच्या तपकिरी चरबीत ओढली जाते. ती लघवीवाटेही बाहेर पडते; त्यामुळे भरलेलं मूत्राशय एवढं चमकतं, की शेजारची गाठ हरवते. शिवाय डीएसएसने सुजलेलं आतडंही साखर खातं. चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे.

४. वारंवार सीटी काढताना किरणांच्या मात्रेचा हिशेब ठेवा. तीही प्रयोगात ढवळाढवळ करते.

५. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. स्कॅन जागा आणि आकार सांगतो. गाठ साधी की कर्करोगाची, हे काप घेऊनच ठरतं.

६. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, असं सांगितलं. इमेजिंगने संख्या घटते, पण उरलेल्या प्रत्येक उंदरावर भुलीचा भार वाढतो. हा सौदा मी हलका मानत नाही. वजन किती घटलं, रक्त किती गेलं की थांबायचं, हे आधीच लिहून ठेवावं. नव्याने या कामात येणाऱ्यांना माझी विनंती आहे: नैतिकता समितीकडे प्रस्ताव देताना किती उंदीर वाचतील एवढंच लिहू नका, दोन स्कॅनमध्ये त्यांना सावरायला किती दिवस देणार, तेही लिहा.