वणव्याची टेहळणी आणि स्थळवाचक शब्द

हट्टा (ता. वसमत) परिसरातील विद्यार्थ्याला आग परिचित असते ती धुऱ्यावरील गवताची किंवा उसाच्या पाचटाची. ती कोणाच्या शेतात लागली, हे एका वाक्यात सांगता येते. डोंगरातील आगीचे ठिकाण सांगताना मात्र भाषेला बरेच श्रम पडतात.

‘वणवा’ हा शब्द संस्कृत ‘वनदव’, प्राकृत ‘वणदव’ या मार्गाने मराठीत आला. ‘न’चा ‘ण’ झाला, मधला ‘द’ गळाला. तत्सम ‘दावानल’ ग्रंथांत राहिला. ‘जाळरेषा’ हा वनखात्याच्या व्यवहारातील शब्द. उन्हाळ्यापूर्वी जंगलात एक पट्टा साफ करून तेथील गवत व पाला जाळून टाकतात. पुढे आलेली आग तेथे अडते. ‘जाळ’ तद्भव, ‘रेषा’ तत्सम. असे जोडकाम शुद्धतावाद्यांना रुचत नाही, पण शब्द नेमका आहे. टेहळणीच्या मनोऱ्याकडे चढताना पुष्कळदा हीच रेषा पाऊलवाट होते.

महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. मेळघाटात (व्याघ्र प्रकल्प, १९७४) या काळात सागाच्या गळलेल्या पानांनी जमीन झाकलेली असते. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेला जाळ त्या पानांत शिरला की पसरतो. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देते. परंतु उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो. उंचावर बसलेला पहारेकरी धूर उठताच पाहतो.

त्याने काय सांगावे? ‘डोंगराला आग लागली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि निरुपयोगी आहे. खोरे कोणते, आग पायथ्याशी की माथ्यावर, वारा कोणीकडचा, हे कळले तरच माणसे योग्य वाटेने जातील. आग चढावर वेगाने धावते. म्हणून ‘वर’ आणि ‘खाली’ यांतील गफलत विझवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

त्यात मेळघाटची कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, तर दप्तरी नोंद मराठीत. ‘सिपना’ या नदीनामात कोरकूतील साग आहे. ‘सेमाडोह’मध्ये मराठी ‘डोह’ ऐकू येतो. नकाशातील नाव आणि पहारेकऱ्याच्या तोंडचे नाव जुळले नाही, तर निरोप पोहोचूनही ठिकाण पोहोचत नाही.

स्वाध्याय : औंढा नागनाथ परिसरातील किंवा आपल्या जवळच्या एखाद्या टेकडीवर जाणत्या गुराख्यासोबत जा. माथ्यावरून दिसणाऱ्या दहा ठिकाणांची त्याच्या तोंडची नावे लिहून घ्या. त्यांपैकी एका ठिकाणी धूर दिसतो आहे असे मानून, तेथे कधीही न गेलेल्या माणसाला उद्देशून चार वाक्यांचा निरोप लिहा.