वस्तीसुधाराचे काम : निसर्गाच्या साथीने करिअर

शहरांतल्या गरीब वस्त्या बहुधा नाल्याकाठी, खाडीलगत किंवा डोंगरउतारावर वसतात. पूर, दरड आणि पत्र्याखालचा उन्हाळा यांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. कांदळवने राखणे, नाल्याला पसरायला जागा देणे, पाणी मुरेल अशी जमीन आणि सावली वाढवणे हे निसर्गाधारित उपाय तिथे काँक्रीटच्या भिंतींइतकेच गरजेचे आहेत.

पूर्व कोलकात्यातील पाणथळ प्रदेश हे याचे भारतातले ठळक उदाहरण. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पट्ट्यात शहराचे सांडपाणी ‘भेरी’ म्हणवल्या जाणाऱ्या उथळ तळ्यांत सोडले जाते. ऊन, शेवाळ आणि जिवाणू ते शुद्ध करतात, त्यावर मासे पोसतात आणि शेजारी भाजीपाला पिकतो. हजारो गरीब कुटुंबांची चूल त्यावर पेटते. ही व्यवस्था तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनीच घडवली. सरकारी सेवेतले अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी त्यांच्याकडून ती समजून घेतली आणि जगापुढे मांडली. २००२ मध्ये या प्रदेशाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वस्तीतल्या माणसांकडून शिकण्याची तयारी हीच या क्षेत्रातली सर्वांत मोठी पात्रता, आणि ती कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी पदवीचे मार्ग अनेक आहेत. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा नियोजनाचा पेपर देऊन दिल्ली, भोपाळ किंवा विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये बी.प्लॅन.ला प्रवेश मिळू शकतो. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुरचना, वनस्पतिशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांना पदव्युत्तर स्तरावर इकडे वळता येते. पाण्याची गणिते, स्थानिक झाडांची ओळख आणि जीआयएस नकाशे यांतले एक तरी कौशल्य पक्के हवे.

पालकांची चिंता पगाराची असते, आणि ती रास्त आहे. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचे वेतन बेताचेच असते, सल्लागार कंपन्यांत तुलनेने बरे. महापालिकांतली पदे मात्र भरतीवर अवलंबून असतात. म्हणून मूळ पदवी अशी निवडावी, की गरज पडल्यास त्याच पदवीवर दुसरी नोकरीही मिळेल. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वस्तीतले काम किती आहे, हे पालकांनी संस्थेला जरूर विचारावे.