कोजागिरीच्या आधी : दगडांची शुद्धी आणि आमची एक चूक





कोजागिरी जवळ आली की आपल्या बडोदा केंद्राच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, यंदा दगड शुद्ध कसे करायचे?" त्याचं उत्तर म्हणून हा अभ्यासलेख. पण सुरुवात कबुलीने करावी लागणार आहे. मागच्या वर्षी याच पत्रात आम्ही लिहिलं होतं की सगळे स्फटिक, माळा, अंगठ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवा, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवा आणि सकाळी दोन तास ऊन दाखवा. ती सूचना आम्ही मागे घेत आहोत. ती कुठून घेतली होती, तर एका फॉरवर्डवरून. कोणी तपासली नव्हती. सेवेकरी म्हणून ती आमची जबाबदारी होती.

काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. दांडिया बाजारातल्या एका भगिनींच्या गच्चीवर आपण मोठी पितळी परात मांडली होती. पाणी, खडे मीठ, आणि नजर उतरते म्हणून कोणीतरी त्यात चार लिंबंही पिळली. सगळ्यांनी आपापली चीज त्यात सोडली. मसाला दूध झालं, भजनं झाली, रात्री दोनला सगळे घरी गेलो. सकाळी परात रिकामी करताना तीन गोष्टी लक्षात आल्या. सेलेनाईटची पांढरी कांडी, जी आदल्या दिवशी रेशमासारखी चमकत होती, ती खडूसारखी खरखरीत झाली होती. पोवळ्याच्या दोन अंगठ्या फिक्या पडल्या होत्या. आणि एका भगिनींच्या कैलासवासी आईचा तन्मणी, त्याचे मोती धुरकट झाले होते. त्या काही बोलल्या नाहीत, रुमालात बांधून घेऊन गेल्या. नंतर सराफाने सांगितलं की वरचा थर गेलेला आहे, तो परत येत नाही.

चौथी गोष्ट नऊ वाजता कळली. स्फटिकाचा मोठा गोळा कठड्याजवळ पाटावर ठेवलेला होता, त्याच्या मागे सुती आसन घडी करून उभं टेकवलेलं. घरातल्या सूनबाई कपडे वाळत घालायला वर आल्या तर करपल्याचा वास. आसनाला रुपयाएवढं काळं भोक पडून कडेने धुमसत होतं. त्या वर आल्या नसत्या तर शेजारी दोरीवर सतरंज्या होत्या.

ह्या चारही गोष्टींत कोणाचा दोष नव्हता, नजरही नव्हती. प्रत्येकाला साधं कारण आहे, आणि ते समजलं की दगड कसा सांभाळायचा हे पाठ करावं लागत नाही. आमच्यातल्या एकीने इथल्या सयाजीराव विद्यापीठातून भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. केलेलं आहे, पस्तीस वर्षांपूर्वी. तिने जुन्या वह्या काढल्या आणि आम्ही चौघीजणी चार गुरुवार बसलो.

पहिलं म्हणजे, आपण ज्याला सरसकट 'दगड' म्हणतो ती एका जातीची वस्तू नाही. स्फटिक, अमेथिस्ट, गुलाबी स्फटिक, सिट्रीन, अकीक (दुकानात हकीक म्हणतात) ही सगळी एकाच घरची भावंडं, सिलिकाची. कठीणपणा मोजायची जी एक ते दहाची मोस नावाच्या शास्त्रज्ञाची मोजणी आहे, तिच्यात ह्यांचा नंबर सातच्या आसपास येतो. हिरा दहा. ह्या भावंडांना साध्या पाण्याचं भय नाही. सेलेनाईट मात्र दोनवर, म्हणजे नखाने ओरखडा उठतो. सेलेनाईट म्हणजे जिप्सम, ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच. एका लिटर पाण्यात ते दोन ग्रॅमहून थोडं जास्त विरघळतं, मिठाच्या पाण्यात त्याहूनही जास्त. रात्रभर बुडवलेली कांडी वरून विरघळत होती, इतकंच. तिला पाणी मुळी लावायचंच नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची.

मोती आणि पोवळं तर दगडही नव्हेत. जिवंत प्राण्यांनी समुद्रात घडवलेली ती चुनखडी आहे. "मोती समुद्रातलाच, त्याला मिठाच्या पाण्याने काय व्हायचंय," असं एकजण म्हणाली होती, आणि तसं बघितलं तर तिचं बरोबर होतं. घात केला लिंबाने. आंबट पदार्थ चुना खातो, मग तो लिंबू असो, चिंच असो की व्हिनेगर. देवघरातली तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, ते करताना शेजारी मोत्याची किंवा पोवळ्याची वस्तू, संगमरवराची मूर्ती असेल तर आधी बाजूला काढा, कारण संगमरवरही त्याच जातीचा. मोत्यांची निगा आपल्या आज्यांना नीट माहीत होती. अत्तर, पावडर, तेल सगळं लावून झाल्यावर शेवटी नथ घालायची, आणि उतरवल्यावर मलमलच्या ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून मऊ कापडात ठेवायची. प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत नको. मोती बुडवून ठेवले तर ओवलेला दोराही कुजतो आणि गाठी सैल होतात.

आता ते आसन का करपलं. शाळेत भिंगाने कागद जाळलेला आठवतो ना? स्फटिकाचा गोळा हे गोल भिंगच आहे. आठ सेंटीमीटर व्यासाचा गोळा असेल तर त्यातून गेलेलं ऊन पलीकडच्या बाजूला पृष्ठभागापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवर एका बिंदूत एकवटतं. सकाळचं ऊन तिरपं, म्हणून तो बिंदू खाली न पडता मागे टेकवलेल्या आसनावर पडला. काचेच्या गोळ्याचंही तसंच होतं. ही गोष्ट घरोघरी तपासा, आजच. ज्यांच्या खिडकीत, टीव्हीच्या टेबलावर, देवघरात सकाळचं किंवा दुपारचं ऊन येतं आणि तिथे गोळा ठेवलेला आहे, त्यांनी तो उन्हातून हलवावा किंवा दिवसा त्यावर कापड झाकावं. पौर्णिमेच्या चांदण्याने काही जळत नाही. उजाडायच्या आत गोळा आत घ्यायचा, एवढंच पथ्य.

उन्हाचं आणखी एक. जांभळा अमेथिस्ट कायम उन्हात राहिला तर काही महिन्यांत फिका पडतो, काही गुलाबी स्फटिकही. आमच्या एका गुरुभगिनींनी वर्षभर दर शनिवारी न चुकता अमेथिस्टचा गुच्छ गॅलरीत ठेवला आणि आता तो इतका पांढुरका झालाय की दगडाने सगळं दुःख शोषून घेतलं असं त्या सांगतात. त्यांचा भाव मोडायचा नाही, पण ते काम उन्हाचं आहे.

मग स्फटिक-अकीकाची माळ कशी स्वच्छ करावी? आम्ही घरी करतो ते सांगतो. आधी कोरड्या फडक्याने घासायची नाही, कारण घरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते पुष्कळ दगडांपेक्षा कठीण असतात, ओरखडे त्यांनीच पडतात. नळाच्या साध्या पाण्याखाली धरायची, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बोटांनी हलकेच चोळायची, लहान मुलाच्या मऊ टूथब्रशने मण्यांच्या छिद्राजवळचा मळ काढायचा, आणि सुती पंचावर सावलीत पसरायची. सुती दोऱ्यात ओवलेली असेल तर भिजत ठेवायची नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी दोरा बदलून घ्यायचा. १०८ मणी जमिनीवर विखुरल्यावर कपाटाखालून गोळा करणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. स्फटिकाच्या शिवलिंगाला अभिषेक करताना एक सांभाळायचं, कोमट दुधानंतर लगेच फ्रीजमधलं थंड पाणी ओतायचं नाही. आत भेगा असलेला स्फटिक अशा धक्क्याने तडकू शकतो. पंचामृत झालं की साध्या पाण्याने पूर्ण धुवायचं, नाहीतर साखर-मध खाचेत राहून मुंग्या येतात.

पुण्याचे, जळगावचे पाहुणे हल्ली अपोफिलाईट आणि स्टिलबाईट भेट देतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खाणींत, पोकळ्यांमध्ये ते सापडतात, आणि परदेशातल्या दुकानांतही आपल्याकडचेच पुष्कळ जातात. हे दगड दिसायला भक्कम, पण अपोफिलाईटचे पापुद्रे सुटतात आणि दोन्हींच्या घडणीतच पाणी आहे. गरम पाणी, हीटर, प्रखर ऊन हे सगळं टाळायचं. फुंकणीने धूळ उडवली की झालं. फिरोजा, लाजवर्द यांनाही बुडवू नका, आणि बाजारात मिळणाऱ्या फिरोज्यात रंगवलेले दगड फार असतात. ओल्या पांढऱ्या कापसाला निळा रंग लागला तर काय समजायचं ते समजा.

एक विषय थोडा कठोर आहे. दगड पाण्यात ठेवून ते पाणी प्यायची पद्धत आपल्यात पसरली आहे. मॅलाकाईट, तो पट्ट्यापट्ट्यांचा सुंदर हिरवा दगड, दाना फिरंग म्हणूनही विकतात, तो तांब्याचा क्षार आहे. गॅलेना म्हणून चकचकीत करडा दगड येतो, तो शिशाचा. पायराईटला पाण्यात गंज चढतो. असलं पाणी पोटात घालायचं नाही, आणि लहान मुलांच्या तर नाहीच नाही. आपल्याच केंद्रातल्या एका भगिनींनी थायरॉईडची गोळी बंद करून हिरव्या दगडाचं पाणी दोन महिने घेतलं. पाय सुजले, चेहरा सुजला, मुलीने रडून दवाखान्यात नेलं. गोळी सुरू झाल्यावर त्या सावरल्या. आपण हातात दगड घेतो ते मन एका जागी बसावं म्हणून, जप मोजावा म्हणून. सत्संगात हे अनेकदा ऐकलंय. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि कोणी सेवेकऱ्याने तसं सांगितलं तर ते केंद्राचं म्हणणं नाही असं समजावं.

"पण ताई, घड्याळात स्फटिकच असतो ना, त्यात शक्ती आहे म्हणून?" हाही प्रश्न येतो. असतो. स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते हे १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखवलं, आणि उलट वीज दिली की तो थरथरतो. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पण सेल संपला की घड्याळ बंद पडतं. उशीखालच्या स्फटिकाला सेल नाही.

अकीकाबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे, कारण तो आपल्या शेजारचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही सातजणी खंभातला जाऊन आलो. बडोद्याहून सकाळी निघालं की संध्याकाळी घरी परत. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने येतो, अगदी मळकट, कोणी उचलणारही नाही असा. त्याला मातीच्या मडक्यांत घालून भाजतात, आतल्या लोहामुळे तो लाल होतो. हे ज्ञान किती जुनं, तर लोथलला सिंधू संस्कृतीच्या काळचा मणी बनवण्याचा कारखाना सापडलेला आहे. लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढणारे एक काका आम्ही तासभर पाहत बसलो. इतक्या आगीतून, मारातून गेलेल्या मण्याला आपल्या नळाच्या पाण्याने काय होणार, असं वाटून हसू आलं.

मग घासायच्या चाकापाशी गेलो आणि हसू गेलं. चाकावर दगड घासला की पांढरी पूड उडते, पिठाच्या गिरणीसारखी. ती सिलिकाची. श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच बसते आणि हळूहळू फुप्फुस कडक करते. सिलिकोसिस म्हणतात. त्याला उलटवणारं औषध नाही. त्यात क्षय लवकर जडतो, आणि कित्येकदा क्षय समजूनच वर्षानुवर्षं उपचार चालतात. खंभातच्या कारागिरांमधल्या ह्या आजाराचा अभ्यास डॉक्टरांनी अनेक वर्षं केलेला आहे. एका ओट्यावर एक बाई माळा ओवत होत्या. आमच्याएवढ्याच, कदाचित लहानही. नवरा आणि दीर दोघेही चाकावर होते, दोघेही गेले, असं त्यांनी सुतात मणी सरकवता सरकवताच सांगितलं. आमच्या गळ्यात त्याच दगडाच्या माळा होत्या. त्यानंतर गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

तेव्हापासून केंद्रासाठी माळा घेताना आम्ही भावाची घासाघीस बंद केली आहे, आणि दगड पाण्याची धार सोडून घासतात का, धूळ ओढणारा पंखा आहे का, हे विचारतो. पुष्कळदा उत्तर मिळत नाही, तरी विचारतो. घरी मण्याला ड्रिलने भोक पाडायचं किंवा कानशीने कड घासायची हौस कोणाच्या मुलाला असेल तर कोरडं कधीच करू देऊ नका.

यंदाच्या कोजागिरीचं असं ठरलं आहे. परात नाही, मीठ नाही, लिंबू तर नाहीच. प्रत्येकीने आपला दगड घरून स्वच्छ करून, वेगळ्या कापडात गुंडाळून आणायचा. कठीण दगडाने मऊ दगडावर चरे पडतात, म्हणून एका डब्यात सगळे कोंबू नयेत. गच्चीवर पांढऱ्या चादरीवर ठेवून एक माळ जप होईल, मग दूध. मोती, पोवळी आणायची असतील तर अंगावरच घालून या. पहाटे साडेपाचला दोघी सेवेकरी सगळं आत घेतील, गोळे सर्वांत आधी. तन्मणीवाल्या भगिनींना आम्ही चौघी घरी जाऊन भेटलो. त्यांनी चहा दिला आणि यंदाही येते म्हणाल्या. दुधाचं केशर त्या आणणार आहेत, त्यामुळे बाकीच्यांनी केशर आणू नये, साखर आणि चारोळी कमी पडते आहे.