हुळहुळणे म्हणजे काय?

मुलांनो, गेल्या महिन्यात आपण दुखण्याचे शब्द शिकलो. डोकं ठणकतं, जखम चुरचुरते, साबण गेला की डोळे झोंबतात. 'हुळहुळणे' मात्र बऱ्याच जणांना अडलं. उन्हाने भाजलेल्या पाठीला नुसता सदरा लागला तरी सहन होत नाही, तेव्हा ती पाठ हुळहुळते.

कधी कधी जखम भरून येते, पण मज्जातंतूला इजा झाली असेल तर हुळहुळणं महिनोन्महिने राहतं. वरून काहीच दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "नाटकं करतोय!" आम्हाला हे बरोबर वाटत नाही. कारण आत खरंच काहीतरी चाललेलं असतं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत पहारेकरी पेशी असतात. त्यांचं नाव मायक्रोग्लिया. १९१९ साली स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्या वेगळ्या ओळखल्या. जंतू आले, पेशी मेल्या, की त्या तिथे जाऊन केर गिळतात. एरवी त्या स्वस्थ असतात असं वाटे. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिलं, तर त्यांचे बारीक फाटे सारखे चाचपत होते. रात्री काठी आपटत फिरणारा गुरखाच! (गुरखा कोण ते आई-बाबांना विचारा.)

मज्जातंतू दुखावला की मज्जारज्जूतल्या या पेशी खवळतात आणि रसायनं सोडतात. मग दुखण्याचा निरोप नेणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि साधा स्पर्शही 'दुखलं' म्हणून मेंदूला कळतो. गंमत अशी, की २०१५ मध्ये दिसलं, हे नर उंदरांत होतं. माद्यांत तेच काम दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी करतात.

आणि भीती? अमेरिकेत युटा विद्यापीठात मारिओ कॅपेकी यांच्याकडे काही उंदीर होते. 'होक्सबी८' हे जनुक बिघडल्यामुळे ते केस जाईपर्यंत अंग चाटत. २०१० मध्ये त्यांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली, तेव्हा अनेकांची ती खोड थांबली. पुढे २०२३ मध्ये त्याच जातीच्या मायक्रोग्लिया प्रकाशाने चेतवल्या. मेंदूच्या एका भागात चेतवल्या तर उंदीर बावरले, दुसऱ्या भागात चेतवल्या तर अंग साफ करत सुटले. माणसाच्या चिंतेवर यातून औषध अजून निघालेलं नाही.

गृहपाठ: आजी-आजोबांना फोन करा आणि दुखण्याचे आणखी तीन शब्द विचारून आणा. 'पोटात गोळा येणे' कुणी सांगितलं, तर तो दुखण्यात घालायचा की भीतीत, हे वर्गात ठरवू.