☁️ *समुद्रावरचा ढग बघून फवारणी ठरवताय? आधी हे वाचा*



परवा अरबी समुद्रावरच्या मोठ्या गोल ढगाचा फोटो ग्रुपवर फिरला. "फवारा आत्ताच मारू का?" म्हणून बरेच फोन आले. तारीख पाहिली तर फोटो मागच्या वर्षीचा! तोवर काहींनी टाकीत औषध कालवलंही होतं. म्हणून आज उपग्रहाचा फोटो वाचायला शिकू. हवामान विभागाच्या 'मौसम' वेबसाइटवर इन्सॅटचे ताजे फोटो मिळतात.

*१) आधी तारीख-वेळ बघा.* वेळेपुढे जीएमटी असेल तर साडेपाच तास मिळवा. ०६०० म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा.

*२) एकाच वेळचे दोन फोटो बघा.* 'व्हिजिबल' उजेडातला असतो, रात्री काळा दिसतो. 'इन्फ्रारेड' ढगाच्या माथ्याची थंडी दाखवतो. माथा जितका उंच आणि थंड, तितका पांढरा.
▪️ दोन्हींत पांढराशुभ्र, गच्च: उंच वाढलेला पावसाचा ढग.
▪️ इन्फ्रारेडमध्ये पांढरा, व्हिजिबलमध्ये पिंजलेल्या कापसासारखा: उंचावरचा पातळ ढग. त्याने पाऊस येत नाही.
▪️ व्हिजिबलमध्ये पांढरा, इन्फ्रारेडमध्ये करडा: खालचा ढग. समुद्रावर खवल्यांसारखा किंवा जाळीसारखा दिसतो. मोठा पाऊस देत नाही. पण असं ढगाळ आपल्याकडे राहिलं तर दव लवकर सुकत नाही, डाऊनीवर लक्ष ठेवा.

*३) चाल बघा.* मागच्या ५-६ तासांचे फोटो ओळीने पाहा. ढगांचे पट्टे एका मध्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने वळत असतील तर सावध व्हा. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ असंच वळत अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि त्याचा वारा-पाऊस नाशिकपर्यंत आला.

⚠️ *पण समुद्र मोकळा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.* २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा अरबी समुद्रात चक्रीवादळ नव्हतं. गडगडाटी ढग जमिनीवरही दोन-तीन तासांत उभा राहतो.

उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. तुमच्या प्लॉटवर किती पाऊस पडेल, ते त्यात दिसत नाही. म्हणून फवारणी ठरवताना बागेची अवस्था, पानावरचा ओलावा आणि हवामान विभागाचा इशारा आधी, फोटो नंतर. बाग फुलोऱ्यात असेल तर औषध कालवण्याआधी मला एक फोन करा.

आणि फोटो पुढे पाठवण्याआधी तारीख बघाच. चुकीच्या फोटोपायी वाया गेलेल्या औषधाचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

– तुमचा कृषी सल्लागार 🍇