झाशी खालसा ‘झाली’ की ‘केली’?

झाशीहून ललितपूरच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सुमारे 25 किलोमीटरवर बबीना लागते. लष्कराची छावणी आणि तोफांच्या सरावाचे विस्तीर्ण मैदान यांमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले, अशी एक कथा सांगतात. अशा व्युत्पत्ती बहुधा मागाहून जुळवलेल्या असतात, एवढे वाचकाने ध्यानी ठेवावे. परंतु इंग्रजीत संबंध संपवण्याची भाषा कशी असते, हे समजून घेण्यास छावणीसारखे ठिकाण नाही. तेथे तोफेचा ‘डिस्चार्ज’ होतो, शिपायाचा होतो आणि इस्पितळातील रुग्णाचाही होतो. गाड्यावरचे ओझे उतरवणे ही या शब्दामागील मूळ कल्पना. मराठीत मात्र तोफेचा बार उडतो, शिपाई सेवामुक्त होतो आणि रुग्णाला घरी सोडतात. 1950 च्या लष्कर कायद्याने अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या शिक्षांत ‘कॅशिअरिंग’ अशी एक शिक्षा आहे. तिचा रोकड सांभाळणाऱ्या कॅशिअरशी काहीही संबंध नाही. ‘मोडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला आहे. आपण अशा वेळी ‘बडतर्फ’ म्हणतो. तोही मूळचा आपला नव्हे, फारसी आहे, आणि त्याचा अर्थ ‘बाजूला’ एवढाच.

तेव्हा अनुवादकाला प्रतिशब्द मिळतात. अडचण प्रतिशब्दांची नसते. संबंध कोणी संपवला, हे मूळ शब्द सांगतो की झाकतो, ही खरी अडचण आहे. ‘पार्टिशन’ या एका शब्दासाठी आपण भावाभावांत ‘वाटणी’ म्हणतो व 1947 साठी ‘फाळणी’ म्हणतो. वाटणीत प्रत्येकाच्या पदरी काही पडते, फाळणीत अखंड वस्तू चिरली जाते. विवाहाचेही तसेच. ‘डायव्होर्स’च्या मुळाशी दोघांनी दोन दिशांना वळण्याची कल्पना आहे. आपला ‘घटस्फोट’ त्याहून कठोर आहे. धर्मशास्त्रात पतिताला जिवंतपणीच मेलेला मानून वाळीत टाकण्याचा जो विधी होता, त्यातील घटाचा हा शब्द. अनेक जातींत रूढ असलेली ‘काडीमोड’ त्यामानाने सौम्य म्हणावी लागेल. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार विवाहविच्छेदाचा हुकूम न्यायालय देते. तरीही ‘त्याने दिला’, ‘तिने घेतला’ असेच आपण बोलतो. देणारा आणि घेणारा ही जुनी उतरंड क्रियापदात टिकून राहिली आहे.

आता झाशीकडे वळू. गंगाधरराव नेवाळकरांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी, इंग्रज राजकीय अधिकाऱ्याच्या देखत, नात्यातील पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांचे निधन झाले. 1817 च्या तहात झाशीच्या घराण्याला वंशपरंपरेचे अभिवचन होते. तथापि, झाशी हे आश्रित संस्थान असून सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाला गादी मिळू शकत नाही, असा पक्ष लॉर्ड डलहौसी यांनी घेतला आणि 1854 च्या आरंभी झाशीचे राज्य गेले. साताऱ्याचे 1848 मध्येच गेले होते. नागपूरचेही 1854 मध्येच गेले. विशेष हे की, दामोदरराव हा खासगी मालमत्तेचा वारस म्हणून मान्य झाला. एकाच विधीने जोडलेले नाते घरापुरते खरे आणि गादीपुरते खोटे ठरले.

या कृत्याला इंग्रज अधिकाऱ्यांनी ‘लॅप्स’ म्हटले. लॅटिनमधील ‘घसरणे’, ‘निसटणे’ हा त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडच्या कायद्यात मृत्युपत्राने ज्याला काही ठेवले तो आधीच वारला, तर ते दान ‘लॅप्स’ होते. चर्चमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क ज्याचा, त्याने मुदतीत नेमणूक केली नाही, तर तो हक्क वरिष्ठाकडे जातो. त्यालाही हाच शब्द. दोन्हीकडे कोणी काही हिसकावत नाही, वस्तू आपोआप ओघळते. म्हणजे झाशी कोणी घेतली नाही, ती ओघळली! त्याच कृत्याचा दुसरा शब्द ‘ॲनेक्स’ हा तर ‘बांधणे, जोडणे’ या अर्थाचा. शेकडो नाती तोडणारी घटना इंग्रजीत जोडणीच्या शब्दाने नोंदली गेली.

मराठीने येथे ‘खालसा’ हा शब्द योजला. हा मूळ अरबी, ‘शुद्ध, निर्भेळ’ या अर्थाचा. पुढे जहागिरदार मध्ये न ठेवता सरकार ज्या मुलखाचा वसूल थेट घेते, तो मुलूख खालसा. महसुली दफ्तरातील हा शब्द निदान सरकारकडे बोट दाखवतो. पण त्यापुढे ‘झाली’ लिहावे की ‘केली’? आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन्ही आढळतात. राणीच्या तोंडचे जे वाक्य शाळकरी मुलालाही पाठ असते, त्यातील क्रियापद ‘देणे’ आहे. ज्याला नकार द्यायचा, तो मागणारा त्यात गृहीत आहे. ‘लॅप्स’ने ज्याला पडद्याआड ठेवले, त्याला राणीने एका क्रियापदाने समोर उभे केले.

पुढे 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात हाच शब्द परतला. या वेळी संस्थानांवरील ब्रिटिश राजाचे अधिराज्य ‘लॅप्स’ झाले, आणि त्याबरोबर संस्थानांशी झालेले तहही. 1854 मध्ये या शब्दाचा अर्थ ‘वरिष्ठाकडे गेले’ असा होता. 1947 मध्ये तो ‘कोणाकडेही न जाता संपले’ असा झाला. पहिल्या ठिकाणी ‘खालसा’ चालेल. दुसऱ्या ठिकाणी ‘संपुष्टात येणे’ हेच योग्य. विम्याचा हप्ता चुकून ‘पॉलिसी लॅप्स झाली’ असे आपण म्हणतो, तो तिसरा अर्थ. तेथे थकबाकी भरून संबंध पुन्हा जोडता येतो.

मग ‘झाली’ की ‘केली’? इतिहासकार स्वतःच्या शब्दांत लिहीत असेल, तेथे मी ‘केली’ लिहितो. पण डलहौसी यांचे टिपण भाषांतरित करताना तेच केल्यास त्यांनी जे झाकले, ते मी उघड करीन, आणि त्यांनी झाकले होते याचा पुरावा मराठी वाचकाच्या हाती उरणार नाही. म्हणून त्यांच्या तोंडी ‘झाली’ ठेवावे आणि शेजारच्या इतिहासकाराच्या वाक्यात ‘केली’ लिहावे. एकाच पानावर दोन क्रियापदे आली म्हणजे मुद्रितशोधक बहुधा खूण करून विचारतो. ती दुरुस्ती मी स्वीकारत नाही.