कर्जाचा हिशेब

मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने 1921-22 साली शहरातील 2,473 कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी 1923 मध्ये प्रसिद्ध केला. पोटापाण्याच्या हिशेबाचा इतका तपशीलवार दस्तऐवज त्या काळी दुर्मीळच होता. शंभर रुपयांच्या खर्चात सुमारे 57 रुपये अन्नावर, साडेसात सरपण व दिवाबत्तीवर, साडेनऊ कपड्यांवर आणि पावणेआठ घरभाड्यावर जात. उरलेले साडेअठरा किरकोळ बाबींत नाहीसे होत. या ‘किरकोळ’ सदरातच कर्जावरील व्याजही होते.

पाहणीतील 47 टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती आणि कर्ज सरासरीने अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. ही रक्कम ऐकताना फारशी भयंकर वाटत नाही. परंतु व्याजाचा प्रचलित दर रुपयाला दरमहा एक आणा होता, म्हणजे सालाचे शेकडा 75! या दराने अडीच महिन्यांच्या कमाईवर दरमहा किती व्याज होईल ते पाहावे. मिळकतीच्या प्रत्येक रुपयामागे कर्ज अडीच रुपये, त्यावर व्याज अडीच आणे. सोळा आण्यांतील अडीच आणे हाती येण्यापूर्वीच गेले, आणि मुद्दलातील एक पैसाही फिटला नाही.

लग्नकार्य, आजारपण, गावाकडची देणी ही कर्जाची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. एका कारणाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर मिळे. नव्याने लागलेला कामगार तोवर वाण्याच्या उधारीवर जगे. पहिला पगार त्या उधारीत जाई आणि दुसरा महिना पुन्हा उधारीनेच सुरू होई. यात उधळपट्टी कोठेच नव्हती. वेतनप्रदान कायद्याने 1936 साली पगाराची मुदत सातव्या व मोठ्या कारखान्यांत दहाव्या दिवसापर्यंत आणली, ती उगाच नव्हे.

आजच्या नोकरदाराला, मग तो परळचा असो वा लखनौच्या इंदिरानगरातला, आण्याचा दर ठाऊक नसतो. पण क्रेडिट कार्डावरील थकबाकीला दरमहा तीन टक्के किंवा त्याहून अधिक आकार पडतो. समजा, अशी बाकी 40,000 रुपये आहे. पहिल्या महिन्याचेच व्याज 1,200 रुपये झाले. दरमहा 1,500 रुपये भरणारा गृहस्थ आपण नियमित फेड करीत आहोत अशा समाधानात असतो. वस्तुतः पहिल्या हप्त्यातून मुद्दल केवळ 300 रुपयांनी घटते. कर्ज फिटण्यास साडेचार वर्षे लागतात व एकूण सुमारे 82 हजार रुपये द्यावे लागतात. हप्ता दुप्पट, म्हणजे 3,000 केला, तर तेच कर्ज अठरा महिन्यांत, 52 हजारांच्या आत संपते. अट एवढीच की त्या अवधीत कार्डावर नवी खरेदी करू नये.

हे जादा दीड हजार आणावयाचे कोठून? येथे वहीला पर्याय नाही. महिनाभर प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहावा. रात्री आठवून लिहिलेल्या हिशेबात रिक्षा, चहा आणि मुलांचा खाऊ हमखास गळतो. वही घरातील सर्वांना उघडी असावी. (नवऱ्याने लपविलेले कर्ज आणि बायकोने डब्यात लपविलेली शिल्लक एकाच घरात शेजारी शेजारी नांदतात, हे पुष्कळदा आढळते.) नंतर सर्व देणी मांडून, प्रत्येकाचा किमान हप्ता चुकू न देता, उरलेला पैसा सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर लावावा. लहान कर्ज आधी मिटविल्याने धीर येतो हे खरे. पण त्या धीराची किंमत व्याजरूपाने मोजावी लागते.

पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेतून स्वस्त कर्ज काढून महाग कर्ज फेडणे हा जुना मार्ग आजही उपयोगी आहे. अशा संस्थांचा पाया 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने घातला. हप्ता पगारातूनच कापला जात असल्याने दिरंगाईस वाव राहत नाही. मात्र जुने खाते त्याच दिवशी बंद करून तसा लेखी दाखला घ्यावा. नाहीतर मोकळ्या झालेल्या कार्डावर सणासुदीला पुन्हा बाकी चढते आणि पूर्वी एक असलेली कर्जे दोन होतात.